बासनात गुंडाळलेला लॅपटॉप

एकदा एक शिष्य आपल्या लॅपटॉपपायी इतका हैराण झाला, की जपाला बसला तरी माळेच्या मण्यांऐवजी त्याला पडद्याच्या कोपऱ्यातली ती इवलीशी बॅटरीच दिसू लागली. हसू नका. त्याच्यावर वेळच तशी आली होती.

नदीकाठच्या एका मठात त्याचे वृद्ध गुरू राहत. परंपरेने मुखोद्गत चालत आलेल्या एका ग्रंथाचे विवरण आता त्यांच्या एकट्याच्या स्मरणात उरले होते. ते सांगत आणि शिष्य लॅपटॉपवर उतरवून घेई. आधी त्याने लेखणीने लिहून पाहिले होते, पण गुरुजींची वाणी सुरू झाली की हात मागे पडे. गुरुजींचा आवाजही अलीकडे क्षीण झाला होता. दुपारची विश्रांती झाली की तेवढ्यापुरता तो मोकळा होई, आणि नेमकी तेव्हाच गावातली वीज जाई. मग सारी भिस्त त्या बॅटरीवर, आणि ती बया गुरुजी ऐन रंगात आले की डोळे मिटून घेई! पडदा काळा, वाक्य अर्धे. वीज आल्यावर शिष्याने तेच वाक्य पुन्हा मागावे, तर गुरुजी म्हणत, काय बरे म्हणालो होतो मी? गेलेले वाक्य पुन्हा तसे कधी येत नसे. शेवटचे अध्याय अजून राहिले होते. आवाज आहे तोवर ते उतरले नाहीत, तर गुरुजींबरोबरच जाणार होते.

बरे, त्याने यंत्राची हयगय केली म्हणावे, तर तेही नाही. तळहाताच्या फोडाप्रमाणे जपले होते त्याने ते. गुरुवाणी ज्यात उतरते ती पोथीच, अशी त्याची श्रद्धा. पोथी उघड्या जमिनीवर ठेवत नाहीत, म्हणून लॅपटॉपखाली कापसाची मऊ गादी. पोथीला बासन हवे, म्हणून भोवती लाल वस्त्र. लिहितानासुद्धा तो पडदा आणि कळा तेवढ्या उघड्या ठेवी. अध्याय अर्धा टाकून पोथी मिटू नये, म्हणून पडद्यावर एकदा उघडलेले काहीही तो बंद करीत नसे. आणि गाभाऱ्यातल्या नंदादीपाचे तेल कसे कधी उतरू देत नाहीत, तशी चार्जरची वायर त्याने कधी काढलीच नाही. वीज असेतो बॅटरी शंभर टक्के. एक टक्का उतरला की याचा जीव खालीवर.

एवढे करून फळ काय, तर बॅटरी दिवसेंदिवस अधिकच लवकर मान टाकू लागली. तालुक्याच्या गावी दुरुस्तीवाल्याला दाखवले. तो म्हणाला, इतक्या जुन्या यंत्राची बॅटरी लांबून मागवावी लागेल, कधी मिळेल सांगता येत नाही; तोवर हिला तापू देऊ नका आणि सदा काठोकाठ भरून ठेवू नका, ऐंशीवर थांबा. शिष्याने मान डोलावली, पण मनात म्हणाला, भरल्या दिव्याची वात कुठे विझते का? मठात येणाऱ्या एका भक्ताने सांगितले, दर वेळी पार शून्यावर आणून मगच भरावी. दुसरा म्हणाला, छे, वायर काढूच नये. ज्याला विचारावे त्याचे शास्त्र निराळे. शिष्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी गोंधळलेला माणूस जे करतो तेच त्याने केले. पूर्वी जे करीत होता तेच आणखी निष्ठेने करू लागला आणि बासनाला अजून एक पदर दिला.

एके दुपारी पडदा पुन्हा काळा झाला, तेव्हा गुरुजी पुढे सरकले. त्यांनी बासनाच्या आत हात घातला, यंत्राच्या पाठीला तळवा लावला आणि हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी शिष्य जेवून उठतो न उठतो, तोच गुरुजींनी त्याला ओसरीवर बोलावले. भर उन्हात एक मऊ गादी घातलेली होती. तिच्यावर त्याला बसवले, आपल्या अंगावरची घोंगडी काढून त्याला गळ्यापर्यंत लपेटले आणि हातात खिरीची वाटी दिली. गुरूने दिलेला प्रसाद, नाही कसे म्हणायचे? त्याने एक घोट घेतला. गुरुजींनी लगेच पळीभर खीर वाटीत घातली. त्याने आणखी एक घोट घेतला, गुरुजींनी आणखी एक पळी वाढली. वाटी काही केल्या उतरेना. शिष्याच्या अंगातून घामाच्या धारा वाहू लागल्या. माझे काही चुकले का, असे त्याने भीत भीत विचारले, तर उत्तरादाखल पुन्हा एक पळी.

हा राग म्हणावा की लाड, हेच त्याला कळेना. कळेना म्हणता म्हणता नको तो विचार मनात आला. गुरुजींचे वय झाले, त्यांच्या बुद्धीला तर काही झाले नाही ना? अध्याय अजून राहिले आहेत!

तेवढ्यात गुरुजींनी घोंगडी सोडली आणि नदीवरून घागर भरून आणायला सांगितले. रोजचेच काम ते. शिष्य घाट उतरला, घागर भरली, पण चढताना निम्म्या पायऱ्यांवरच मटकन बसला. डोके गरगरत होते. घागर तिथेच ठेवून तो रिकाम्या हातांनी परतला. लाजेने त्याला मान वर करवेना.

“गुरुजी, अंगात त्राणच नाही,” तो म्हणाला. “आपण हे का केलेत, मला काही समजत नाही.”

“तुला उपाशी ठेवले का मी?”

“नाही, गुरुजी.”

“उलट भूक लागूच दिली नाही. वारा लागू दिला नाही. तरी तू निम्म्यात बसलास. बाळ, मला यंत्रातले कळत नाही, पण काल हात लावला तर त्याला ताप होता. तू त्याला गादीवर निजवतोस, गुंडाळतोस आणि भरल्या पोटी भरवीत राहतोस. दिव्याचे तेल जळून जाते, म्हणून तो सतत भरावा लागतो. ही बॅटरी दिवा नव्हे. तिची चाल जिवासारखी. थोडे भरावे, थोडे वापरावे, मधे गार होऊ द्यावे. त्या दुरुस्तीवाल्याने याहून वेगळे काय सांगितले होते?”

वेगळे काहीच नव्हते. शिष्याने ते कानांनी ऐकले होते, पण श्रद्धेने आत शिरू दिले नव्हते.

गुरुजींनी आपल्या पुढ्यातली लाकडी ठवणी रिकामी केली, तिच्यावरची पोथी मांडीवर घेतली आणि ठवणी शिष्याकडे सरकवली. त्याने बासन सोडले आणि लॅपटॉप ठवणीवर ठेवला. खालून वारा खेळू लागला. बॅटरी ऐंशीवर थांबवण्याची सोय यंत्रातच होती, ती लावली. लागत नव्हते ते सारे बंद केले, पडद्याचा उजेड उतरवला. मग आशेने विचारले, “आता ही पहिल्यासारखी होईल ना?”

“गेलेली शक्ती परत येत नाही. माझीही नाही आली,” गुरुजी म्हणाले. “उरलेली जपून वापरली तर पुरते.”

शिष्याने चमकून वर पाहिले. गुरुजींच्या खोलीची खिडकी बंद होती. वारा बाधेल म्हणून त्यानेच ती लावली होती. उशाशी दुधाचा पेला होता. अर्धा झाला की तोच भरी. पाय धड असताना गुरुजींचे घाटावर जाणे त्याने थांबवले होते. आवाज टिकावा म्हणून भेटायला आलेल्यांना तो दारातूनच परतवून लावी. आणि आवाज बसत चालला होता तो तेव्हापासूनच. गुरुजींनी कधी हाताने अडवले नाही. शिष्याने श्रद्धेने दिलेले, नाही कसे म्हणायचे? शिष्याला भडभडून आले.

त्याने उठून खिडकी उघडली. गुरुजी उभे राहिले, तशी सवयीने त्याने घोंगडी उचलली, मग थांबला आणि तिची घडी घालून ठेवली.

“घागर अजून पायरीवरच आहे,” गुरुजी म्हणाले आणि काठी घेऊन घाटाकडे निघाले. शिष्य चार पावले मागून चालला. गुरुजींचा हात धरायला त्याचा हात सारखा पुढे होत होता, म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. पायऱ्यांवर दोन बायका भेटल्या, त्यांच्याशी गुरुजी मनसोक्त बोलले.

पुढच्या दुपारी वीज गेली. गुरुजी सांगू लागले, शिष्य उतरवू लागला. प्रकरण संपले तेव्हा गुरुजींनीच आज पुरे म्हणून हात वर केला आणि ते आत गेले. शिष्याने लॅपटॉप मिटला, तेव्हा बॅटरीत अजून थोडी धुगधुगी होती, आणि आतून पाणी मागणाऱ्या गुरुजींचा आवाज ओसरीपर्यंत स्वच्छ ऐकू आला.