करवंटीभर पाणी

फार फार जुनी गोष्ट आहे. एका समुद्राच्या दोन किनाऱ्यांवर दोन राजे राज्य करत होते. मुलांनो, ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण यातला घोळ तुमच्यासारख्या शहाण्यांनीच घातला आहे.

दोन्ही किनाऱ्यांपासून तीन-तीन दिवसांच्या वाटेवर, भर समुद्रात, दोन बेटं होती. मोठ्या बेटावर नारळींची दाटी होती आणि होड्या लावायला छान खाडी होती. धाकटं बेट म्हणजे वाळूचा उंचवटा आणि केवड्याचं बन. वस्ती कुठल्याच बेटावर नव्हती. दूरच्या पाण्यात मासे धरायला जाणारे कोळी तेवढे येता-जाता धाकट्या बेटावर उतरत. तिथे केवड्याच्या बनात हातभर खोल खड्डा होता आणि त्यात गोडं पाणी होतं.

त्या पाण्याची एक रीत होती. खड्ड्यात घागर बुडवायची नाही. खड्डा उकरायचा नाही. नारळाच्या करवंटीनं सावकाश पाणी काढायचं, आणि निघताना वर केवड्याची पानं पसरून करवंटी उपडी ठेवायची, पुढे येणाऱ्यासाठी. तो कुठल्या किनाऱ्याचा, हे कुणी विचारत नसे.

मग एका वर्षी दोन्ही राजांना ती बेटं हवीशी झाली. का, ते मला विचारू नका. त्यांनाही सांगता आलं नसतं. पुष्कळ भांडण झाल्यावर असं ठरलं की एकेक बेट वाटून घ्यावं. पण चांगलं कुणी घ्यायचं? दोघांनी मिळून एक पारखी नेमला आणि बेटांची तुलना करायला पाठवला.

वाट दाखवायला त्यानं अलीकडच्या किनाऱ्यावरचा पदाजी तांडेल बरोबर घेतला. पदाजी म्हातारा झाला होता. त्याची होडी आता त्याचा एकुलता एक मुलगा हिरू चालवायचा, आणि तो नुकताच तीन सोबत्यांना घेऊन दूरच्या पाण्यात गेला होता. होळीला परतणार होता.

पारख्यानं मोठ्या बेटावर नारळी मोजल्या, खाडीची खोली मोजली. धाकट्यावर तो उभ्या-उभ्याच हसला.

"काय रे तांडेला, हे बेट म्हणायचं? लिहून टाकतो, मोठं ते चांगलं, धाकटं बिनकामाचं."

पदाजीच्या जिव्हारी लागलं. त्याच्या बापाचा, आज्याचा जीव त्या बेटानं वाचवला होता. गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. पण आपल्या माणसाला कुणी नावं ठेवली की आपण गप्प बसतो का?

"धनी, तसं लिवू नका," तो म्हणाला. "मोठ्या बेटाव गोडं पानी थेंबभर नाय. जीव वाचतो तो हितं." आणि त्यानं केवड्याची पानं बाजूला सारून खड्डा दाखवला.

पारख्यानं पाणी चाखलं आणि आधीचा कागद फाडून टाकला. नव्या कागदावर धाकटं बेट वरचढ ठरलं.

झालं! आता दोघांनाही धाकटंच हवं होतं. शेवटी असा करार झाला की पुढच्या पावसापर्यंत ज्याची माणसं तिथे टिकतील त्याचं ते बेट. अलीकडून चाळीस माणसं गेली, पलीकडून पन्नास. खड्ड्याच्या एका अंगाला यांनी विहीर खणायला घेतली, दुसऱ्या अंगाला त्यांनी.

पदाजी धावत कारभाऱ्याकडे गेला. "खणू नका, मालक. वर गोडं पानी हाय, त्याच्या खाली समुद्रच हाय. पातळ साय हाय ती."

"मग चाळीस माणसांना करवंटीनं पाणी पाजू?" कारभारी म्हणाला. "ते पाच हात गेलेत. आपण सहा हात जाणार."

ते सात गेले, हे आठ गेले. दोन महिन्यांत दोन्ही विहिरींना खारं पाणी लागलं आणि मधला खड्डाही खारा झाला. माणसं आजारी पडली आणि आपापल्या किनाऱ्याला परतली. बेट पुन्हा ओस पडलं. भांडण मात्र मिटलं नव्हतं, म्हणून निकाल लागेपर्यंत बेटावर कुणीच उतरायचं नाही असा नवा करार झाला आणि दोन्ही राजांची गलबतं दोन्ही बाजूंनी पहारा देत राहिली.

होळी जवळ आली. हिरूला यातलं काहीच माहीत नव्हतं. पदाजीनं दुसऱ्याची होडी मागून घेतली, पाण्याचे आठ घडे भरले आणि तो निघाला. अलीकडच्या राजाच्या गलबतावरच्या पहारेकऱ्यांनी त्याला अडवलं.

"वादातल्या बेटावर कुणी उतरायचं नाही."

"मी नाय उतरत. तुमीच येवढे घडे तिथं ठेवा. माझा पोर पान्याच्या भरवशाव येतोय, बाबा. पाया पडतो."

"आमच्या माणसानं पाऊल ठेवलं तर करार मोडेल, म्हातारबा."

तेरा दिवस पदाजी त्या गलबताच्या आसपास होडी फिरवत राहिला. पहारेकरी एकमेकांवर डोळे लावून बसले होते. दक्षिणेकडच्या मोकळ्या समुद्राकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. चौदाव्या दिवशी वारा उलटला, गलबतं आडोशाला गेली आणि पदाजी बेटावर पोचला.

हिरूची होडी दक्षिणेच्या वाळूत लागलेली होती. चौघंही केवड्याच्या सावलीत पडले होते. कुणाचाही श्वास चालत नव्हता. हिरूनं खड्डा उकरला नव्हता, घागर बुडवली नव्हती. करवंटी त्याच्या हातातच होती आणि तिच्या तळाशी मिठाचा पांढरा थर वाळला होता. पदाजीनं मुलाच्या ओठांवर घड्यातलं पाणी ओतलं. ते गालावरून ओघळून वाळूत गेलं. म्हातारा तिथेच बसून ओक्साबोक्शी रडला.

पावसाआधी पारखी पदाजीला बरोबर घेऊन पुन्हा आला. त्यानं धाकट्या बेटावरचं पाणी चाखलं, थुंकलं आणि लिहिलं, गोडं पाणी कुठंच नाही, दोन्ही बेटं सारखीच, दोन्ही बिनकामाची. राजांनी ते वाचलं आणि भांडण तिथेच सोडून दिलं. कुणालाच कुठलंच बेट नको होतं.

"बरोबर लिहिलंय ना, तांडेला?" पारख्यानं विचारलं होतं.

"बरोबर हाय, धनी," पदाजी म्हणाला होता. "पयलं लिवलं होतं तेच ऱ्हाऊ दिलं असतं मी, तं माझा पोर जगला असता."

त्या समुद्रात आजही ती बेटं आहेत म्हणतात. तिथे कुणी उतरत नाही.

तात्पर्य: सगळ्यांची तहान भागवणारं पाणी एकट्याचं करायला गेलं, तर ते कुणाचंच राहत नाही, आणि त्याची किंमत तहानलेला मोजतो.