घंटा वाजली, बाजू बदला

एका गावात एक भोळा सोपान होता. अंगाने धडधाकट, कामाला वाघ, पण चारचौघांत तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

शेजारच्या गावच्या दाजीबा नलावड्यांनी त्याला मुलगी द्यायचं कबूल केलं, पण एक अट घातली. "सुपारी फोडायच्या दिवशी पोरानं उभं राहून चार शब्द बोलावं. मुका जावई मला नगं."

गोदाक्काला, म्हणजे सोपानाच्या आईला, घोर लागला. कुंदासारखी गुणी मुलगी हातची जाते की काय! तिने पोराला वाचनालयातल्या गप्पांच्या कट्ट्यावर धाडलं. तिथे दर रविवारी गावातली शहाणी माणसं जमायची, चहा प्यायची आणि एकमेकांचं न ऐकता बोलायची. रेडकर गुरुजी खेळ घ्यायचे. डब्यातून चिठ्ठी उचलायची, तीत निघेल त्या विषयावर लगेच बोलायचं. वेळ संपली की गुरुजी पितळी घंटा वाजवायचे.

सोपानाच्या चिठ्ठीत वांगं निघालं. तो चिठ्ठीकडे बघत बसला.

"अरे, विषय कुठलाही असो," गुरुजी म्हणाले, "घंटा वाजेपर्यंत बोलत राहायचं!"

"बरं," सोपान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे बाबूतात्या वारले. सोपान भेटायला गेला. तिथे घंटा कुठली? तो आपला बोलतच सुटला. तात्यांचा खोकला झाला, तात्यांची म्हैस झाली, तात्यांनी चोरून खाल्लेली जिलबी झाली. रडणारे रडायचे थांबले, हा काही थांबेना. "आणि जाताजाता तात्या माझ्या कानात म्हणाले, की माडीवरच्या ट्रंकेत..." एवढ्यात गल्लीत पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली. सोपानाने हात जोडले आणि तो घरी गेला. तात्यांचे दोन्ही मुलगे ट्रंकेचं विचारत त्याच्यामागे वेशीपर्यंत धावले. "वेळ संपली," एवढंच तो म्हणाला.

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "अरे, अशा वेळी एकच वाक्य बोलावं. झालं ते वाईट झालं, पण धीर धरा."

"बरं."

त्याच आठवड्यात सरपंचांच्या घरी तिसऱ्या नातीचं बारसं होतं. सोपान पाळण्यापाशी गेला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "झालं ते वाईट झालं, पण धीर धरा." बाळाच्या बापाने त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं. आजीने मात्र पदर डोळ्यांना लावला. "एवढा एकच समजूतदार आला बघा!"

गुरुजी म्हणाले, "याला दुसरा खेळ शिकवू. आधी विषयाच्या बाजूने बोलायचं. घंटा वाजली की त्याच जोरात विरुद्ध बोलायचं. पुन्हा वाजली की पुन्हा पहिली बाजू. लाजायचं नाही." कट्ट्यावर सगळ्यांनी बोलून दाखवलं. सरपंच पहिले आले. त्यांना घंटाही लागली नाही.

"बरं," सोपान म्हणाला.

सुपारीचा दिवस उजाडला. नलावड्यांच्या ओसरीवर पाहुणे दाटीने बसले. सोपान उठला आणि काय बोलला म्हणता! "कुंदा म्हणजे लक्ष्मी. दाजीबा म्हणजे देवमाणूस. असं घर दिवा घेऊन शोधलं तरी मिळायचं नाही." गोदाक्काला धन्य धन्य वाटलं.

तेवढ्यात दारात कुल्फीवाला आला. टण टण टण!

सोपान खाकरला. "पण मंडळी, लक्ष्मी चंचल असते. दाजीबांना देवमाणूस म्हणावं, तर देवसुद्धा इतका चिक्कू नसतो. आणि लग्न म्हणजे गळ्यात लोढणं!"

दाजीबा ताडकन उठले. गोदाक्काच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती धावत दारात गेली. "वाजव रे बाबा, पुन्हा एकदा वाजव!"

टण टण!

"तरी लोढण्याशिवाय बैल वळणावर येत नाही," सोपान म्हणाला, "आणि माझ्या नशिबी देवानं सोन्याचं लोढणं लिहिलंय!"

पाहुणे खो खो हसले. दाजीबाही विरघळले. "थट्टेखोर हाय जावई!" त्यांनी सुपारी फोडायला अडकित्ता उचलला. "बोला जावईबापू, एकदा सगळ्यांसमोर सांगा. पसंत?"

सोपानाने तोंड उघडलं. बाहेर पोरांनी कुल्फ्या संपवल्या होत्या. कुल्फीवाल्याने खूश होऊन गाडी वळवली आणि जाताजाता घंटा वाजवली.

"नापसंत!" सोपान म्हणाला.

दाजीबांच्या हातातला अडकित्ता गळून पडला, आत कुंदा हुंदका देऊन रडू लागली. सोपानाला फार वाईट वाटलं. अशा वेळी काय बोलायचं, हे त्याला आता पक्कं माहीत होतं. त्याने दाजीबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं ते वाईट झालं," तो म्हणाला, "पण धीर धरा."