परांचीची भोकं

“...मग सांगा ना मेस्त्री, एक तरी खोट दिसते का?”

रेमेत छाती काढून भिंतीपुढं उभा होता. का नसणार? खाडीकाठचं आमचं पडकं चर्च, आम्ही त्याला देऊळच म्हणतो, चारशे वर्षांचं. छप्पर कधीच गेलं, वेदीवर गवत माजलं. पण कमानी बघा! एक दगड हललेला नाही. आमच्याच गवंड्यांनी रचल्यात त्या. पाहुणा आला की आधी देऊळ दाखवतो, पाणी मागाहून विचारतो.

त्या देवळाची दर्शनी भिंत रेमेतने एकट्याच्या हिमतीवर दुरुस्त केली होती. आज त्याचे गुरू, बस्त्याव मेस्त्री, ती बघायला आले होते. पसंत पडली तर स्वतःची चुना लावायची थापी ते त्याला देणार. मग गावचा पुढचा मेस्त्री रेमेतच. थापी त्यांच्या कमरेला होती आणि रेमेतचे डोळे थापीवर.

मेस्त्रींनी भिंतीवरून हात फिरवला.

“चुना चांगला मळलायस.”

“माहीत आहे.”

माहीत आहे म्हणे! पण खोटं नव्हतं ते.

“इथं चौकोनी भोकं होती. ओळीनं, पार वरपर्यंत.”

“बेचाळीस! सगळी बुजवली. भिंतीची नुसती चाळण झाली होती. जुन्यांनी आळस केला, तो मी निस्तरला.”

“तू वर कसा चढलास?”

“परांची बांधून.”

“परांचीचे वासे कशात खोवलेस?”

“त्या...”

रेमेत अडखळला.

“त्या भोकांत.”

“आणि उतरताना?”

“एकेक ओळ बुजवत... खाली आलो.”

मेस्त्रींनी बोट वर केलं. भिंतीच्या माथ्यावर, नव्या चुन्यातच, पिंपळाचं रोप उगवलं होतं. दोनच पानं.

“जा, उपटून ये.”

रेमेत भिंतीजवळ गेला. वर बघितलं, खाली बघितलं. इतकी उंच शिडी गावात नव्हती. वासा सोडा, बोट शिरायला जागा नव्हती. कान लालबुंद झाले त्याचे. मला तर त्याच्याकडे बघवेना.

“मेस्त्री...”

“हं.”

“ती भोकं मुद्दाम ठेवली होती?”

“हं.”

“कुणी?”

“नाव ठाऊक नाही. पण तू येणार, हे त्याला ठाऊक होतं.”

मेस्त्रींनी पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला आणि त्याच्या हातात दिला. रेमेतने तो घेतला. मग अगदी हळू, खाली मान घालून विचारलं,

“आणि थापी?”

“आधी भोकं उघड. तुझ्यामागून येणारा त्यांच्या आधारानं वर चढला, की थापी त्याच्या हाती देईन; त्याच्याकडून घे.”