कारवशीच्या सड्यावरचा चौथरा

कारवशीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, जांभ्या दगडाचा एक चौथरा आहे. कंबरभर उंच, घडीव चिऱ्यांचा, समोरून पायऱ्या काढलेला. सभा-समारंभासाठी बांधलाय हे बघताक्षणी कळतं. पण त्याच्यावर कोणी चढत नाही. गावातली लग्नं सड्यावर लागतात, ती खाली मोकळ्यावर. आमदार आले तरी जमिनीवर उभं राहूनच बोलतात. नवखा माणूस दम खायला पायरीवर टेकू लागला, की सोनू आखाडे त्याला हाक मारून बोलावून घेतात. हे गावातले सगळ्यांत जुने गवळी. पाहुण्यासाठी घोंगडी अंथरतात आणि सांगायला बसतात.

असं सांगतात, की एका श्रावणात पाऊस थांबायचं नावच घेईना. घाट खचला. डोंगराचा अख्खा पदर रस्त्यासकट दरीत गेला आणि वरच्या वाड्या तुटल्या. कणग्यांतलं भात कुजलं. माणसं कंद उकडून खाऊ लागली. तेव्हा हवाई दलाचं एक विमान धान्य टाकायला येऊ लागलं. दोन शेपट्यांचं, मोठ्या पोटाचं, मागून सताड उघडं. त्या जातीच्या विमानाला पॅकेट म्हणत.

त्या उघड्या दाराशी कमरेला पट्टा बांधून उभे असत सार्जंट महिपती लोंढे. आत माल लावायचा, दोरखंडांनी आवळायचा आणि हिरवा दिवा लागला की पोती बाहेर ढकलायची, हे त्यांचं काम. विमानाचे कॅप्टन होते फ्लाइट लेफ्टनंट पोन्नप्पा, कूर्गकडचे. दोघांनी मिळून बर्फातल्या चौक्यांना रॉकेलपासून बोकडांपर्यंत सगळं पोचवलं होतं. लोंढ्यांना पुढचं काही दिसायचं नाही, पण पायाखालचा पत्रा कसा थरथरतो त्यावरून साहेबांच्या मनात काय आहे ते कळायचं, असं ते म्हणत.

त्या दिवशी विमान उडायलाच नको होतं. उजवं इंजिन आदल्या दिवसापासून तेल फेकत होतं आणि पोन्नप्पांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. पण मदत समितीच्या अध्यक्षांनी नेमके त्याच दिवशी छायाचित्रकार बोलावले होते. फोनावर फोन आले. विमान आज गेलंच पाहिजे, असं वरून ठरलं. लोंढे तेव्हा धावपट्टीच्या कडेला पोती मोजून आत घेत होते. साहेब फोनवरून परतले. टोपी झटकली आणि शिडी चढले.

सड्यावर पोत्यांची पहिली रास नीट पडली. धान्य दुहेरी पोत्यात भरलेलं असे. आतलं फुटलं तरी बाहेरचं सैल पोतं दाणे धरून ठेवी. विमान वळून पुन्हा येत होतं, तेवढ्यात उजव्या इंजिनानं आचका दिला आणि काळा धूर मागच्या दारातून आत आला. रेडिओवर हुकूम आला: उरलेला माल दरीत फेका, विमान हलकं करा, परत या.

कानाला लावलेल्या यंत्रातून लोंढ्यांना साहेबांचा आवाज आला. नेहमीसारखाच, संथ.

"लोंढे, किती राहिलंय?"

"निम्मं, सर."

"खाली माणसं दिसतात?"

लोंढ्यांनी दाराबाहेर वाकून पाहिलं. पावसात घोंगड्या पांघरून सगळी वाडी उभी होती. कोणी हात हलवत नव्हतं, कोणी पळत नव्हतं. तोंडं तेवढी वर.

"उभी आहेत, सर."

"मग दरीत कशाला टाकायचं?" पोन्नप्पा म्हणाले. "एक फेरी मारतो. हिरवा दिसला की थांबू नकोस."

ती फेरी त्यांनी एका इंजिनावर मारली. लोंढ्यांनी खांद्यानं, पायानं, मिळेल त्या जोरानं पोती लोटली. शेवटचं पोतं गेलं आणि पत्रा पायाखाली हलका झाला, तोवर विमान डोंगर ओलांडायच्या उंचीवर राहिलं नव्हतं. पोन्नप्पांनी ते वळवून सड्याच्या रिकाम्या टोकाला, वाडीपासून लांब, पोटावर उतरवलं. जांभ्यावरून ते खरडत गेलं आणि त्याचं नाक कॅप्टनच्या बाजूनं एका धोंड्यावर आदळलं. बाकीचे सगळे जिवंत निघाले. पोन्नप्पांना वाडीतल्या ठकूबाई झोरेनं आणि तिच्या जावांनी बाहेर काढलं. ठकूबाईनं आपली घोंगडी त्यांच्यावर घातली. ती घोंगडी तिनं परत घेतली नाही, म्हणे.

वाड्या त्या धान्यावर तगल्या. घाट पुन्हा सुरू झाला. आणि चौकशी होऊन निकाल आला, तो एका वाक्याचा: चूक वैमानिकाची. हुकूम मोडला म्हणून. इंजिनाबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. फोन कोणी केले, याबद्दलही नाही. लोंढ्यांनी साक्षीत सगळं सांगितलं होतं. लिहून घेणाऱ्यानं मान डोलावली होती आणि लेखणी बाजूला ठेवली होती.

उन्हाळ्यात मदत समितीनं सत्कार ठरवला. सत्कार समितीचाच. गावानंच चिरे वाहून चौथरा बांधून दिला, कारण त्यांना वाटलं, विमानातल्या माणसांसाठी आहे. लोंढे रजा काढून आले. अध्यक्ष चौथऱ्यावर उभे राहिले आणि प्रशासनाच्या तत्परतेवर बोलले. मग म्हणाले, वैमानिकाच्या दुर्दैवी चुकीतूनही जे बचावले, त्यांना आपण शाल देऊ.

लोंढे जागेवरून उठले, पायरीपर्यंत आले आणि तिथंच थांबले.

"ज्यांची चूक म्हणता," ते खालूनच म्हणाले, "त्यांचं नाव तरी घ्या."

अध्यक्षांनी शेजारी वाकून विचारलं. शेजारच्यानं त्याच्या शेजाऱ्याला विचारलं. सगळी वाडी बघत होती. लोंढे सांगत, की साहेब गेले त्या दिवशी मी रडलो, पण अंगाची आग झाली ती त्या वाकण्यानं. ज्याच्या जिवावर हे मिरवत होते त्याचं नाव त्यांना शेजाऱ्याकडून आणावं लागत होतं.

ठकूबाई बायकांतून पुढं आली. तिला भाषण येत नव्हतं. ती म्हणाली, "पोन्नप्पा नाव त्येंचं. आमच्या पोरीसोरीबी सांगतील. आता समद्यांनी खाली उतरा."

कोणी हललं नाही, तेव्हा ती पुन्हा म्हणाली, "चिरं आम्ही वाहिलं. त्या साहेबाच्या नावावर घातलेला डाग जाईस्तवर ह्यावर कोणी पाय ठेवायचा न्हाई. ठेवंल त्याला कारवशीचं पाणी न्हाई."

मानकरी उतरले. हार खुर्च्यांवर राहिले ते शेळ्यांनी खाल्ले.

पुढं दर श्रावणात लोंढे सड्यावर येऊ लागले. हळूहळू त्यांच्या मागून मालवाहू विमानांवरचे बाकीचे जुने गडीही येऊ लागले: कोणी वैमानिक, कोणी दिशा दाखवणारा, कोणी इंजिनवाला. झुणका-भाकरी खात ते तासन् तास बोलत. डकोटावाले पॅकेटवाल्यांना चिडवत, तुमचं विमान म्हणजे उडतं गोदाम. मग कोणी बोकड सुटून साहेबांच्या मांडीत जाऊन बसल्याची गोष्ट सांगे, कोणी नदीकाठच्या आखूड धावपट्टीची. हसता हसता बोलणं शेवटी त्या निकालावर येई आणि सगळ्यांचे आवाज चढत. लढाऊ विमानवाल्यांची चित्रं भिंतीवर लागतात, आपण पोतीवाले. आपल्यातल्याच्या नावावर चूक टाकली तर विचारतो कोण, असं एकजण म्हणाला होता. त्यावर लोंढे म्हणाले होते, "मी विचारतो ना."

ते विचारतच राहिले. वरचे अधिकारी बदलले, उत्तर बदललं नाही. लोंढे काठी टेकत चालू लागले, तेव्हा एक नवे अधिकारी सड्यावर आले. माणूस सज्जन होता. म्हणाला, "आबा, जुना निकाल फिरवणं अवघड आहे. पण पोन्नप्पासाहेबांच्या नावाची संगमरवरी पाटी लावू. तुमच्या हस्ते. चला वर."

ठकूबाई तेव्हा हयात नव्हती. गावानं आपसांत विचार केला आणि लोंढ्यांना म्हटलं, तुम्ही चढलात तर आमची हरकत नाही. तुमचा मान आहे.

लोंढ्यांनी बराच वेळ चौथऱ्याकडं पाहिलं. त्यांना चढावंसं वाटलं होतं, हे त्यांनी नंतर कबूल केलं. आयुष्यभर भांडून माणूस थकतो.

"पाटीवर काय लिहिणार?" त्यांनी विचारलं.

"कर्तव्य बजावताना मृत्यू."

"आणि तिकडं दप्तरात?"

"तिथं आहे तेच राहील," अधिकारी म्हणाले.

"मग नको," लोंढे म्हणाले. "मी वर चढलो की प्रकरण मिटलं असं तुम्ही लिहाल. ते मिटलेलं नाही. ठकूबाईनं घातलेली अट मी मोडणार नाही, आणि माझ्यामागं कोणी मोडू नका."

त्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत.

आजही श्रावणात मालवाहू विमानांवरची म्हातारी माणसं कारवशीला येतात आणि चौथऱ्याभोवती जमिनीवरच बसतात. लोंढ्यांना ज्यांनी कधी पाहिलं नाही असेही त्यांत असतात. दरवर्षी कोणी तरी अधिकारी भेटायला येतो आणि विचारतो, आम्ही काय करावं अशी तुमची इच्छा आहे? शाल, पाटी, पुतळा, सगळं विचारून होतं. सोनू आखाडे त्याला चहा देतात, बसायला घोंगडी देतात आणि सांगतात, "एक वाक्य खोडायचंय, साहेब. तेवढं खोडून या."