चाकापुढचा दगड

"बुवा, त्याला थांबवणार की नाही? तेवढं सांगा."

काशीबुवा चूल फुंकत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

घाट जिथं उतरायला लागतो तिथंच बुवांची झोपडी. शेजारी देवीचं ठाणं. खाली कोकणात जाणारा ड्रायव्हर तिथं थांबतो, नारळ फोडतो, बुवांच्या पाया पडतो आणि मग पहिलं वळण घेतो.

आता समोर उभा असलेला केरबा साळोखे त्यातलाच. चाळीस वर्षं ट्रक चालवला. एकदाही गाडी कुठं घासली नाही, हे तो न विचारता सांगायचा. कुणापुढं न वाकणारा माणूस. वाकायचा तो फक्त बुवांपुढं.

"कुणाला थांबवू?" बुवांनी विचारलं.

"रणजितला. माझ्या पोराला. स्कूटरवर येतोय मागून. एकटा घाट उतरणार म्हणतो."

"वय काय त्याचं?"

"बत्तीस."

"मग पोर कुठलं?"

"बुवा, कमरेखाली त्याला कळत नाही काही. तुम्हाला ठाऊक आहे."

बुवांना ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी गुळाच्या ट्रकवर रणजित दोर आवळायला चढला. दोर तुटला, तो खाली पडला. वर चढ म्हणून केरबानंच सांगितलं होतं. त्यानंतर केरबानं ट्रक सोडला आणि जुनी जीप घेतली. जीपमध्ये पोराला उचलून ठेवणं सोपं.

"घाट उतरून करणार काय?"

"समुद्रात पोहणार म्हणतो!"

"पोहता येतं?"

"येतं. विहिरीत. नुसत्या हातांनी पाणी तोडतो."

"कुणी शिकवलं?"

"... मीच."

"आणि स्कूटरचा पायाचा ब्रेक हातावर कुणी आणला?"

"मीच. दोन दिवस गॅरेजात बसून. पण तो गावात फिरायला, बुवा. घाटासाठी नाही!"

बुवांनी चहाचं आधण ठेवलं.

"समुद्रावर मीच घेऊन गेलो असतो त्याला. दोनदा नेलाय जीपमधून. आता माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. थांबवा, बुवा. याच्यापुढं काही मागणार नाही."

"थांबवतो."

केरबाचा जीव भांड्यात पडला.

चहा होतो न होतो तोच स्कूटर आली. मागं दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली. कॅरिअरला घडीची चाकांची खुर्ची बांधलेली. रणजितनं इंजिन बंद केलं आणि बसल्या जागेवरून हात जोडले.

"बुवा, रामराम. आबा, तुम्ही इथं?"

"बुवांना भेटायला आलो."

"आणि जीप घाटाकडं तोंड करून लावली?"

केरबा जीपच्या आड येऊन उभा राहिला.

"मागून येणार होता ना?"

"लांबून येणार होतो. तुला दिसणारसुद्धा नाही."

"दिसलात तर आरशात बघत बसेन, आबा. मग रस्ता कोण बघणार?"

केरबा खुर्चीचा दोर चाचपू लागला.

"दोर मी आवळलाय," रणजित म्हणाला.

केरबाचा हात तिथंच राहिला...

"चांगला आवळलाय," तो शेवटी म्हणाला. आणि मग घाईघाईनं, "बुवा, तुम्ही काहीतरी बोलणार होता."

बुवा उठले. ठाण्यामागं एक दगड होता, चढावर गाड्यांना लावायचा. सत्तरी उलटलेल्या बुवांनी तो पोटाशी धरला. डुलत डुलत ते निघाले. स्कूटरजवळून पुढं गेले. केरबाच्या जीपच्या चाकापुढं त्यांनी दगड लावला, टाचेनं घट्ट बसवला आणि हात झटकले.

"थांबवली."

रणजित इतका हसला की स्कूटर हलायला लागली.

"बुवा! त्याला थांबवा म्हटलं होतं मी!" केरबा म्हणाला.

"चहा घे. निवतोय."

केरबानं दगडाकडं पाहिलं. बुवांनी लावलेला दगड. त्याला हात लावायची छाती कुणाची? तो रणजितपुढं जाऊन उभा राहिला.

"कितव्या गिअरला उतरणार?"

"दुसऱ्या."

"ब्रेक?"

"सारखा दाबायचा नाही. तापतो, मग लागत नाही."

"वळणाला?"

"हॉर्न. अकरा वळणं, अकरा हॉर्न. आबा, बारा वर्षांचा होतो तेव्हापासून ऐकतोय हे. घाटात ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्याला तुम्ही शिव्या घालायचा. माझा तर पाय उचलतच नाही. सांगा, माझ्यापेक्षा शहाणा ड्रायव्हर तुम्ही बघितलाय?"

बुवांना हसून हसून ठसका लागला. केरबानं तोंड फिरवलं. पण त्याचेही खांदे हलत होते.

स्कूटर सुरू झाली. वळणाआड गेली.

खालून हॉर्न आला.

"एक," केरबा म्हणाला.

तो कठड्यापाशी उभा राहिला. झाडीत रस्ता दिसत नव्हता.

दोन. तीन. चौथा जरा उशिरा आला. पाच... सहा.

मग काही नाही.

केरबानं मान पुढं काढली. वारा नव्हता. एक पाखरू ओरडत होतं, त्याचा त्याला राग आला.

"बुवा, सातवा वाजला नाही."

बुवा चहा पीत होते.

"बुवा, तो पडलाय. पडला तर त्याला उठता येत नाही. फोन लागत नाही इथं." केरबा जीपकडं धावला. खाली वाकला. दगडाला हात घातला.

"केरबा."

"हात जोडतो, बुवा..."

"सातव्या वळणावर तू काय करायचास?"

"काय करायचो म्हणजे?"

"चाळीस वर्षं उतरलास. सातव्या वळणावर काय करायचास?"

केरबा वाकलेलाच राहिला.

सातव्या वळणाच्या अलीकडं झऱ्याचं पाणी आहे. तिथं तो गाडी बाजूला घ्यायचा. ब्रेकच्या ड्रमला हात लावून बघायचा. तापला असेल तर निवेपर्यंत बसायचा. घाईचा ड्रायव्हर ड्रायव्हर नव्हे, असं शेजारी बसलेल्या पोराला सांगायचा.

"... थांबायचो," तो म्हणाला.

"किती वेळ?"

"एक विडी होईस्तोवर."

"मग विडी ओढ."

केरबानं विडी पेटवली. तीन काड्या गेल्या. अर्धी विडी झाली. पाऊण झाली. चटका बोटाला आला तेव्हा खालून हॉर्न वाजला.

"सात!" केरबा ओरडला. "बुवा, सात! थांबला होता तो. ड्रम बघत होता माझा वाघ!"

"ऐकू येतं मला," बुवा म्हणाले.

आठ. नऊ. आता केरबा हॉर्नच्या आधीच आकडा सांगत होता. दहा. अकरावा अगदी बारीक आला, डासाएवढा.

आणि त्याच्यामागून आणखी एक. लांबलचक. थांबायचं नावच घेईना.

"हा कसला?" केरबा म्हणाला. "वळणं तर अकराच आहेत."

बुवांनी खांदे उडवले.

केरबाला हसू आलं. मग ते आवरेना. डोळे पुसत तो ठाण्यापुढं गेला, नारळ फोडला आणि एक शकल बुवांच्या हातावर ठेवलं. दुसरं स्वतः उभ्या उभ्या खाल्लं. नऊ वर्षांत त्यानं चव घेऊन काही खाल्लं नव्हतं.

मग तो जीपपाशी आला. दगडाकडं बघत उभा राहिला.

"बुवा, आता काढू का हा?"

"निघालास कुठं?"

"घरी. माघारी."

बुवांनी खोबरं चावत जीपकडं पाहिलं. जीपचं तोंड घाटाकडं होतं. गाव पाठीमागं.

"मग दगड तुझ्या वाटेत कुठं आहे?"