दारात अडलेला तंबोरा

"पण उस्ताद, तिनं तंबोरा पाहिलाच नाही. मग तो वर्णनाप्रमाणे नाही, असं ती म्हणतेच कशी?"

दस्तगीर उस्ताद तंबोऱ्यासाठी वाळवलेल्या भोपळ्याला कान लावून बसले होते. बोटानं दोनदा टकटक केलं आणि भोपळा बाजूला ठेवला.

"ती कोण?"

तेजपाल मगदूम मग पहिल्यापासून सांगू लागला. मिरजेत उस्तादांच्याच हाताखाली तो तंबोरे करायला शिकला होता. आता त्याचं स्वतःचं दुकान होतं. मोबाइलवरून परदेशात वाद्यं विकणारा गल्लीतला तो पहिलाच, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

बेल्जियमच्या मारियान नावाच्या बाईंनी त्याच्याकडून तंबोरा मागवला. पैसे वेबसाइटकडे भरले. तंबोरा सुखरूप पोचला. पण तिथला कुरिअरवाला दारात उभा राहून आयात शुल्क मागू लागला. बाईंनी दार लावून घेतलं आणि वेबसाइटवर तक्रार केली. वेबसाइटनं तेजपालचे पैसे रोखले. तंबोरा तिकडच्या गोदामात पडला होता. कुणी सोडवून नेला नाही, तर मोडीत काढणार होते.

"जवारी मी काढलेला तंबोरा?" उस्तादांनी विचारलं.

"तोच."

जवारी म्हणजे तारांखालच्या घोडीवरची ती बारीक घासणी, जिच्यावर तंबोऱ्याचा आवाज ठरतो. नजर अधू झाल्यापासून उस्तादांनी ते काम सोडलं होतं. तो त्यांच्या हातचा शेवटचा.

तेजपालला वाटलं, आता तरी ते चिडतील.

"वर्णनाप्रमाणे नाही, असंच का म्हणाली ती?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"तक्रारीची कारणं ठरलेली असतात. वस्तू मिळाली नाही. फुटकी आली. वर्णनाप्रमाणे नाही. त्यातलंच एक निवडायचं."

"आणि दारात अनोळखी माणसानं पैसे मागितले, हे?"

"ते नाही त्यात."

"मग तिनं काय निवडायचं होतं?"

तेजपालनं खिसा चाचपला.

"सांग की."

"पण मी लिहिलं होतं, उस्ताद. शुल्क घेणाऱ्यानं भरायचं. स्वच्छ लिहिलं होतं. हे बघा."

तेजपालनं मोबाइल काढला. बोटानं पान वर सरकवू लागला. बराच वेळ सरकवत राहिला.

"सापडेना?"

"खाली आहे. अगदी शेवटी."

"आणि वर काय आहे?"

"मिरजेचा तंबोरा. अस्सल भोपळा. उस्तादांच्या हातची जवारी. आणि..."

"आणि?"

"घरपोच."

"घरपोच," उस्ताद म्हणाले.

तेजपालनं मोबाइल खिशात टाकला.

"म्हणजे मी तिला फसवलं?"

"असं मी कुठं म्हणालो?"

"मग तिनं मला फसवलं."

"तिनं तुझं काय नेलं?"

"ती म्हणते फसले. मी म्हणतो फसलो. मग फसवलं कुणी?"

"मला काय माहीत," उस्ताद म्हणाले. खरोखरच त्यांना माहीत नसावं, असा त्यांचा चेहरा होता.

मग ते काठी घेऊन उठले. चाचपडत दाराकडे गेले. बाहेर पडले आणि दार ओढून घेतलं.

तेजपाल बघत राहिला. थोड्या वेळानं दारावर काठी वाजली.

"कोण?" त्यानं विचारलं. विचारल्यावर त्याचं त्यालाच विचित्र वाटलं.

"तंबोरा आलाय," बाहेरून उस्ताद म्हणाले.

"आत या की, उस्ताद."

"आधी पैसे दे."

"कसले?"

"सरकारचे."

"पण तंबोऱ्याचे पैसे तर भरलेत..."

"ते मला ठाऊक नाही. मी फक्त आणून देतो."

तेजपालचा हात कडीवर होता. उघडावी की नाही, त्याला ठरवता येईना. बाहेर त्याचेच उस्ताद उभे होते, आणि तरीही...

"शेवटी लिहिलेलं वाचलं नाहीस?" बाहेरून आवाज आला.

तेजपालनं दार उघडलं. उस्ताद उन्हात डोळे बारीक करून उभे होते. त्याच्या खांद्याला धरून ते आत आले, बसले आणि पुन्हा भोपळा मांडीवर घेतला.

"मग मी आता काय करू?"

उस्ताद टकटक ऐकण्यात गुंग होते.

तेजपाल आपल्या दुकानात परतला. बाईंना सुनावायला त्यानं लांबलचक उत्तर लिहून ठेवलं होतं. ते पुसलं. त्या जागी लिहिलं, 'शुल्क मी भरतो. तुम्ही तंबोरा घ्या.'

उत्तर आलं, 'तुम्ही भरताय, म्हणजे ते तुम्हीच द्यायचं होतं. मग माझ्याकडे का मागितलं?'

त्याला रडावं की हसावं कळेना. नियमानं शुल्क बाईंनीच भरायचं होतं. पण आता तसं लिहिलं, तर पुन्हा दार लागणार. आणि न लिहिलं, तर आपण लबाड ठरणार. मोबाइल हातात घेऊन तो दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. गोदामातला तंबोरा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

शेवटी त्यानं काहीच उत्तर दिलं नाही. शुल्क भरलं. त्या व्यवहारात त्याला नफा असा उरला नाही.

तंबोरा बाईंच्या घरात गेला. त्यांनी तक्रार मागे घेतली. तेजपालला हायसं वाटलं. पण त्याच दिवशी बाईंचा आणखी एक निरोप आला. तो घेऊन तेजपाल थेट उस्तादांकडे गेला.

"तंबोरा आवडलाय तिला. फोटोही पाठवलाय. पण विचारते, चूक तुमची होती की माझी? एवढं एकदा खरं सांगा, म्हणते."

"मग सांग."

"तेच तर मला कळत नाहीये, उस्ताद. रोज वेगळं वाटतं. सकाळी तिची वाटते, संध्याकाळी माझी. कधी वाटतं, त्या कुरिअरवाल्याची."

उस्तादांनी भोपळा बाजूला ठेवला. बाहेर कुणीतरी लाकूड तासत होतं.

"प्रवासात तुटू नयेत म्हणून तारा उतरवून पाठवल्या होत्यास ना?"

"हो. पण उस्ताद, तिला उत्तर काय लिहू?"

"लिही, आधी तंबोरा सुरात लावून घे. चूक कुणाची, ते मग विचार."