सावलीच्या कुशीतली गाडी

गाड्या बोलायच्या त्या काळातली ही गोष्ट. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. कोवळ्या उन्हात निळी गाडी आपल्याच सावलीकडे बघत होती.

"मिस्त्रीकाका, मला इतकं खाली बसवा, की सावलीच्या कुशीत शिरता येईल."

"अगं, चाक आणि वरच्या पत्र्यात बोटभरही जागा उरणार नाही!" माकडमिस्त्री म्हणाला. पण ती हटूनच बसली, तेव्हा त्याने तिला खाली बसवलं. मग ती पाण्यावरून तरंगत जावं तशी निघाली. समोर बांधलेली लिंबू-मिरची रस्त्याला घासून तुटली, तेही तिला कळलं नाही.

वाटेत शेळीबाईने हाक मारली. "निळे, थांब गं! पोर तापाने फणफणलंय. दवाखान्यात सोड ना."

मायलेकरं बसली आणि गाडी दबली. चाकं पत्र्याला घासून करपट वास सुटला. पुढे गतिरोधकावर तर तिचं पोटच अडकलं.

"उतरतो आम्ही. तू आपली छान दिस," शेळी म्हणाली आणि पोराला पाठीवर घेऊन पळत सुटली.

रिकामी गाडी अलगद सुटली, आणि तेच तिच्या मनाला फार लागलं. कुंपणावरच्या कावळ्याला ती म्हणाली, "कावळेदादा, मिस्त्रीकाकांना एवढा निरोप द्या. इथे येऊन मला आत्ताच्या आत्ता चार बोटं वर उचला म्हणावं. पोर अजून वाटेतच आहे."